अंगात पिवळा स्वेटर

वर्गाने पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं: अर्ध्या मॅडम. कारण उघड होतं. ती स्वतःच अजून शिकत होती, शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेत होती, आणि सहा आठवड्यांसाठी ग्राफिक डिझाइनचं दुसरं वर्ष तिच्या गळ्यात पडलं होतं. अर्धी विद्यार्थिनी, अर्धी मॅडम. नाव कानावर आलं तेव्हा ती सगळ्यांबरोबर हसली आणि घरी जाऊन थोडी रडली. पंचविशीतल्या माणसाला एकोणीस वर्षांची पोरं जितकं छळू शकतात तितकं दुसरं कुणी छळू शकत नाही. त्यांना सगळंच येत असतं.

वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. चौदा संगणक, एक मोठा प्रिंटर, टाचण्या टोचून टोचून चाळण झालेले भिंतीवरचे फळे, आणि बारा महिने चालणारा एसी. माणसं गारठली तरी चालतील, यंत्रं तापता कामा नयेत, असा एकूण कारभार. म्हणून दाराजवळच्या खुंटीवर तिने एक पिवळा स्वेटर कायमचा टांगून ठेवला होता. आल्या आल्या अंगात चढवायचा, जाताना पुन्हा खुंटीला लावायचा.

वर्गाचे खरे शिक्षक म्हणजे सर. पोरं पाठीमागे त्यांना समास सर म्हणत, कारण कुठलंही काम समोर आलं की त्यांचं पहिलं वाक्य ‘समास कुठे आहे?’ हेच. शेवटच्या बाकावर बसून अर्ध्या मॅडमचा तास बघायचा आणि फॉर्म भरायचा, हे त्यांचं काम. ती पास की नापास, ते त्या फॉर्मवर ठरणार होतं.

आणि वर्गात आणखी एक जण होती. प्रत्येक संगणकावर ‘नमुने’ नावाचा एक फोल्डर होता. सरावासाठी लागणारं सगळं त्यात: नमुन्याचा मजकूर, कपबशीचा फोटो, डोंगराचा फोटो, एक कुत्रा, आणि एक मुलगी. अठरा-एकोणीसची. कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघणारी, कानामागची एक बट सुटलेली, आता हसणार तेवढ्यात कुणीतरी बटण दाबलेलं. जिथे म्हणून चेहरा लागायचा तिथे पोरं तिला चिकटवत. साबणाच्या वेष्टनावर ती, ओळखपत्रावर ती, मासिकाच्या मुखपृष्ठावर ती, दातांच्या दवाखान्याच्या पाटीवरही तीच. गेल्या कित्येक वर्षांची कामं वर्गात लावलेली होती आणि बहुतेकांतून ती बघत असे. दर वर्षी पोरं बदलत, ती मात्र तेवढीच राहिली होती. पोरं तिला ताई म्हणत आणि तिला मिशा काढत.

अर्ध्या मॅडमला पहिल्या आठवड्यात याची गंमत वाटली. दुसऱ्या आठवड्यात, वर्गात एकटी असली की भिंतीकडे पाठ करून बसणं तिला नकोसं व्हायला लागलं. एकदा तिने दातांच्या पाटीवरचा चेहरा फिरवून भिंतीकडे केला. मग आपलाच वेडेपणा बघून हसली आणि परत सरळ लावला. सरळ लावताना त्या चेहऱ्याकडे बघायचं मात्र तिने टाळलं.

चौथ्या आठवड्यात परीक्षेच्या कामासाठी सर चार दिवस बाहेरगावी गेले. वर्ग पूर्णपणे तिच्या हाती आला. नजर कागदावर आधी कुठे जाते आणि मग कुठे, हे पोरांना शिकवायचं होतं. तिने सराव दिला: हरवलेल्या माणसाची सूचना करा. बस पकडायला धावणाऱ्या माणसाला दोन सेकंदांत चेहरा दिसला पाहिजे, काय झालं ते कळलं पाहिजे आणि नंबर वाचता आला पाहिजे. सराव चांगला होता, त्यात काही खोट नव्हती.

“मॅडम, फोटो कुठला घ्यायचा?”

“नमुन्यातला घ्या.”

“आणि मजकूर?”

तिने मार्कर उचलला आणि फळ्यावर लिहीत गेली. हरवली आहे. वय एकोणीस. उंची पाच फूट तीन इंच. शेवटची दिसली: मंगळवारी सकाळी, बसथांब्याजवळ. अंगात... इथे तिला सुचेना. तिने खाली स्वतःकडे पाहिलं आणि लिहिलं: पिवळा स्वेटर, डाव्या बाहीवर निळ्या शाईचा डाग. पोरं हसली. कुणीतरी म्हणालं, फोन नंबर काय, कुठलेही दहा आकडे टाकतो. तेव्हा ती चक्क ओरडली. कुठलेही आकडे टाकले तर तो नंबर कुणाचा ना कुणाचा निघतो, उगाच एखाद्याला त्रास, माझाच टाका.

एवढी खबरदारी तिने घेतली. चेहराही कुणाचा ना कुणाचा असतो, हे मात्र डोक्यात आलं नाही. या धंद्यातल्या माणसांचं असंच होतं. एकदा नमुना म्हटला की त्यामागे माणूस आहे हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. तिच्याही राहिलं नाही, आणि तिच्याआधी नऊ वर्षं कुठल्याच पोराच्या राहिलं नव्हतं.

कामं झकास झाली. वर्गात एक मुलगी होती, थंडी असो नसो डोक्यावरची लोकरी टोपी न काढणारी. तिला सगळे टोपीच म्हणत. तिची सूचना तर अशी झाली होती की बघणाऱ्याचा हात आपोआप खिशातल्या फोनकडे जावा. बुधवारी टोपी आणि तिच्या दोन मैत्रिणी त्या सूचनेची एक प्रत घेऊन बसथांब्यावर गेल्या. केलेलं काम प्रत्यक्ष जागेवर लावून त्याचा फोटो काढायचा आणि तो पुढे नोकरी मागताना दाखवायचा, ही या लोकांची रीतच. चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून त्यांनी सूचना चिकटवली, छत्तीस फोटो काढले. एवढ्यात त्यांची बस आली आणि त्या चढल्या. सूचना काढायची राहिली. खाली बारीक अक्षरांत ‘संकल्पना: ग्राफिक डिझाइन, दुसरं वर्ष’ आणि संस्थेचं नाव होतंच. आपली सही केल्याशिवाय काम सोडेल तर तो डिझायनर कसला.

गुरुवारी दुपारी फोन आला. याआधी दोन येऊन गेले होते, “मॅडम, तुम्ही सापडलात का?” असं विचारून खिदळणारे. म्हणून तिने हा तिसरा जरा तोऱ्यातच घेतला.

“थांब्यावरची ती सूचना तुमचीच ना?” बाईचा आवाज होता, धाप लागलेला.

“हो, माझीच. बोला.”

“मंगळवारी दिसली? या मंगळवारी?”

अर्ध्या मॅडमला वाटलं, पोरींनी या वेळी कुणाच्या तरी मावशीला कामाला लावलेलं दिसतंय. ती हसू दाबत ऐकत राहिली.

“तुम्ही स्वतः पाहिलंत तिला? जवळून? बाहीवरचा डागसुद्धा लिहिलाय तुम्ही.” आवाज एकदम खाली आला. “बाई, मी तिची आई बोलतेय.”

त्या आवाजात थट्टा नव्हती. खरं तर तेव्हाच सांगून टाकायचं. चार वाक्यांचं काम होतं. पण तिच्या तोंडून शब्द निघाले, “राँग नंबर,” आणि तिने फोन ठेवून दिला. आधी ‘हो, माझीच’ म्हणून झाल्यावर राँग नंबर! घाबरलेल्या माणसाला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही. फोन आणखी तीनदा वाजला. तिने तो खणात टाकला आणि खण लावून घेतला, तरी लाकडातून त्याची थरथर हाताला लागत होती. वर्गात चौदा पडद्यांवर ती मुलगी बाजूला बघत होती. आज पहिल्यांदा तिला वाटलं की ही नुसतीच बाजूला बघत नाही, कुणीतरी हाक मारली म्हणून बघतेय.

शुक्रवारी सकाळी सर आले. वर्गाबाहेरच्या भिंतीवर चौदा सूचना ओळीने लावल्या होत्या. सर पहिलीपाशी थांबले ते थांबलेच. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“हा फोटो वापरायला कुणी सांगितलं?”

“सर, नमुन्यातला आहे. सगळेच वापरतात.”

“साबणाला वापरतात.” सरांचा आवाज चढला नव्हता, पण ती दोन पावलं मागे सरली. “ती याच वर्गात होती. खिडकीजवळच्या टेबलावर बसायची. फोटोग्राफीच्या तासाला मीच काढलाय हा. एक दिवस सकाळी घरून निघाली आणि वर्गात पोचलीच नाही. नऊ वर्षं झाली. अजून पोचायची आहे.”

तिने विचारलं, “मग फोल्डरमधून काढला का नाही, सर?”

“काढायला बसलो होतो. एकदा नाही, दर वर्षी बसतो. ‘नक्की काढून टाकायचं?’ असं विचारतं ना ते यंत्र. हात धजत नाही.” सर भिंतीकडेच बघत होते. “तेव्हाची सूचनाही मीच केली होती. फार देखणी केली होती. राखाडी अक्षरं, चारी बाजूंनी भरपूर समास, नंबर खाली कोपऱ्यात नाजूकसा. लोक थांबून म्हणायचे, काय सुरेख केलंय. दीड महिना शहरभर लागली होती. एक फोन आला नाही. या पोरांच्या चौदाच्या चौदा माझ्यापेक्षा बऱ्या आहेत.”

मग तिने कालच्या फोनचं सांगितलं. राँग नंबरसकट सगळं सांगितलं. सर भिंतीला टेकून उभे राहिले.

“तिची आई शिवणकाम करते,” ते म्हणाले. “आदल्या दिवशी मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. सकाळी पोरगी निघाली तेव्हा ही मशीनवर बसलेली, दाराकडे पाठ करून. मुद्दाम वळली नाही. नंतर पोलिसांनी विचारलं, अंगात काय होतं? हिला सांगता येईना. लोकांच्या अंगावरच्या कपड्याची शिवण लांबून ओळखणारी बाई, आणि स्वतःच्या मुलीच्या अंगात काय होतं ते माहीत नाही. माझ्या सूचनेत ती ओळ कोरी होती. ती तुम्ही भरलीत.”

अर्ध्या मॅडमने तिथल्या तिथे फोन लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. तिने चार वेळा लावला. मग धावत खाली बसथांब्यावर गेली. सूचना नव्हती. चारी कोपऱ्यांच्या पट्ट्या तेवढ्या उरल्या होत्या, कात्रीने सरळ रेषेत कापलेल्या.

सर म्हणाले, आजचा तास राहू द्या, फॉर्म सोमवारी भरू. ती म्हणाली, वर्ग खोळंबलाय. खरं कारण वेगळं होतं. हात रिकामे राहिले तर तो आवाज पुन्हा ऐकू येईल, याची तिला भीती वाटत होती. दोघांनी मिळून चौदाही सूचना उतरवल्या. मग तिने सवयीने स्वेटर चढवला आणि ती वर्गात गेली. सर शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

तिने पोरांना सरळ सांगून टाकलं. ही मुलगी कोण, कुठे बसायची, आणि काल कुणाचा फोन आला. टोपीने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मंगळवारचा मजकूर अजून फळ्यावर होता. अर्ध्या मॅडमने डस्टर घेतला आणि वरून एकेक ओळ पुसायला लागली. हरवली आहे, पुसलं. वय, पुसलं. उंचीवर हात गेला तेव्हा मागे एक खुर्ची सरकली, आणि दारातून हाक आली.

“बबडे?”

तिचा हात फळ्यावर तसाच राहिला. तिला सगळं कळलं. दारात कोण आहे, तिला काय दिसतंय, आणि पुढे काय होणार, सगळं. दारातल्या बाईला या क्षणी एक पाठ दिसत होती, मुलीची, पिवळ्या स्वेटरमधली. जोवर ती वळत नव्हती तोवर त्या बाईची मुलगी सापडलेली होती. तिला वाटलं, असू दे, आणखी एक क्षण असू दे. मग वाटलं, हा क्षण आपण तिला देत नाही आहोत, तिच्याकडून चोरतो आहोत. आणि ती वळली. आयुष्यात इतकं जड काम तिने कधी केलं नव्हतं.

बाई लहानखुरी होती. गळ्यातली मोजपट्टी काढायची राहून गेली होती. हातात घडी केलेली सूचना. तिने आधी चेहऱ्याकडे पाहिलं. मग नजर खाली आली, स्वेटरवर, डाव्या बाहीवर, डागावर, आणि तिथेच थांबली. सर उठून टेबलांमधून पुढे आले होते.

“काकू, ती सूचना खोटी आहे,” अर्ध्या मॅडम म्हणाली. “वर्गातला सराव होता. मी तुमच्या मुलीला पाहिलेलं नाही. कुणीच पाहिलेलं नाही. हा स्वेटर माझा आहे, मीच तो लिहायला सांगितला. आणि काल फोनवर मीच होते. मला खरं सांगायची हिंमत झाली नाही.”

बाई जवळच्या खुर्चीवर बसली. बराच वेळ तिने घडीच्या कडेवरून बोट फिरवलं.

“खांद्यात सैल होतोय तुला,” ती म्हणाली.

“आईचा आहे.”

“वाटलंच.” मग ती थांबून थांबून बोलायला लागली, मापं सांगावीत तशी. “कुणीतरी पाहिलं, एवढंच मला वाटलं गं. मी नाही, तर दुसऱ्या कुणीतरी. नऊ वर्षं मी तिला दारातून जाताना बघायला बघतेय. पाठ दिसते, चाल दिसते. कापड दिसत नाही. रंगच येत नाही डोळ्यांपुढे. काल ते वाचलं आणि कालपासून तिच्या अंगात स्वेटर होता. पिवळा. ऊबदार. म्हटलं, निदान थंडी तरी वाजली नसेल.”

टोपी रडत होती. अर्ध्या मॅडमलाही रडू येत होतं, पण आपण रडलो तर या बाईला आपलीच समजूत काढत बसावं लागेल, म्हणून तिने ते गिळलं.

“काकू, मी काय करू? सांगा.”

बाईने वर्गाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. मग जरा ओशाळून म्हणाली, “मघाशी उभी होतीस तशी राहशील? पाठ करून. थोडाच वेळ.”

ती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून तिने ते सोडून दिले. एसीचा घरघर आवाज तेवढा येत होता. मग मागे पावलं वाजली, सावकाश. दोन बोटं तिच्या मानेशी आली आणि स्वेटरची मुडपलेली कॉलर त्यांनी सरळ केली. खांद्यावरची शिवण चिमटीत धरून जागेवर बसवली. पाठीवरून एकदा हात फिरला, सुरकुती काढावी तसा.

“नीट जा,” बाई म्हणाली. “पोचलीस की कळव. आणि कालचं मनात ठेवू नकोस. मी रागाच्या भरात बोलले.”

बाई एक पाऊल मागे सरली, वाट मोकळी करावी तशी.

“निघ आता. उशीर होईल.”

तेव्हा अर्ध्या मॅडमला कळलं की आता नुसतं उभं राहून भागणार नाही, निघावं लागणार आहे. ती भिंतीच्या कडेकडेने चालायला लागली, चेहरा दिसू नये एवढी काळजी घेत. टेबलांची रांग संपली. दारात आली आणि घरातून निघताना जिभेवर असतो तो शब्द आपोआप तिच्या तोंडून निघून गेला.

“येते, आई.”

“ये,” मागून आवाज आला.

ती बाहेर आली. तास तिचा होता, पोरं आत होती, फॉर्म आत होता. परत जायचं तर नुसतं दार ढकलायचं होतं. पण येते म्हणून जी गेली ती परत आली नव्हती, आणि आता हिने आत पाऊल टाकलं असतं तर आईला मुलीऐवजी परकाच चेहरा परत आलेला दिसला असता. म्हणून ती तिथेच उभी राहिली. तिला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

तास संपल्याची घंटा झाली. पोरं एकेक करून बाहेर आली आणि जिना उतरून गेली. टोपी थांबली, काहीतरी म्हणणार होती, पण मैत्रिणीने तिला ओढून नेलं. सगळ्यांत शेवटी सरांच्या हाताला धरून बाई आली. तिची पावलं दारात घुटमळली. अर्ध्या मॅडमला ओझरतं दिसलं की बाईने मान खाली घातली आहे, डोळे फरशीवरून उचलत नाहीत, आणि मुद्दामच उचलत नाहीत.

अर्ध्या मॅडमने भिंतीकडे तोंड केलं आणि बाई तिन्ही जिने उतरून जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली.